शेवटच्या कडव्यातलं नाव

बातमी आली तेव्हा मी कोर्टात एका मिक्सरसाठी भांडत होते. नवरा-बायको वेगळे होत होते आणि कपाट कुणाचं, पितळेचा हंडा कुणाच्या माहेरचा, मिक्सर लग्नात आला की नंतर घेतला, यावर दोन शिकलेल्या घरांनी अख्खी दुपार घालवली होती. पर्समधला फोन सारखा थरथरत होता. व्हरांड्यात येऊन उचलला तर पलीकडे हनीफभाई, मामांच्या गायन पार्टीत आयुष्यभर ढोलकी वाजवलेले. "वकीलनी, मामू गए... चाय का कप हाथ मेंच था," एवढंच बोलले. मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याच्या बातमीला कुणी "बरं" म्हणतं का? मी म्हणाले, आत गेले आणि युक्तिवाद पूर्ण केला. मिक्सर आमच्या पक्षकाराला मिळाला. मग मी बाररूममध्ये जाऊन बसले आणि तिथे मात्र माझं अवसान गळालं.

सांडू हिवराळे हे माझे सख्खे मामा. मूल जगत नसलं की आमच्या भागात सांडू, दगडू, कचरू अशी टाकाऊ नावं ठेवतात, कुणाची नजर लागू नये म्हणून. "माझं नावच सांडलेलं हाय, त्याला कोन उचलनार?" असं ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते प्रेस मशीनवर होते. पाळी सुटली की अंघोळ करून, केसांना तेल लावून, इस्त्रीचा पांढरा सदरा चढवून तालमीला. शहरातल्या गायन पार्ट्यांमध्ये त्यांचा आवाज पहिल्या दर्जाचा नव्हता, हे मी भाची असूनही सांगते. वरच्या पट्टीत तो फाटायचा. पण शब्द त्यांचे होते, आणि शब्दांत त्यांच्या जवळपास फिरकणारं आमच्या भीमनगरात कुणी नव्हतं.

माझे वडील गेले तेव्हा मी फार लहान होते. आई मला घेऊन फर्दापूरकडच्या गावातून भावाच्या दारात आली. मामांची एकच खोली, त्यांना मूलबाळ नाही, आणि कौसामामी म्हणजे तोंडानं फटकळ बाई. आईनं पिशवी उंबऱ्यावरच ठेवली होती. मामी म्हणाली, "आत घ्या ती पिशवी, का आमंत्रन पत्रिका छापू?" झालं, तेवढ्यावर आम्ही त्या घरच्या झालो. जूनमध्ये मामांनी मला शाळेत नेलं. पाटी नवी, फ्रॉक शेजारणीच्या मुलीचा. दाखल्याच्या कागदावर आईनं अंगठा दिला आणि तो फडक्याला पुसताना ती रडायला लागली. लाजेनं की आनंदानं, ते मला आजही सांगता येणार नाही. मामा संध्याकाळी तालमीला गेले आणि पार्टीच्या उस्तादांच्या पुढ्यात बसून त्यांनी हे गाणं म्हणून दाखवलं:

भीमानं दिली पाटी गं, माझ्या लेकीच्या हाती,
लेक निघाली एकली, शाळेच्या वाटी...

भाचीला लेक म्हटलं म्हणून कुणी त्यांना हटकलं नाही. उस्ताद सोनाजींनी पेटीवर चाल बांधली, आणि चाल अशी बांधली की पुढे ते गाणं जालन्यापासून पैठणपर्यंत प्रत्येक जयंतीला वाजलं. बायका धुणं धुताना म्हणायच्या. माझ्या वर्गातल्या मुली मला पाहून म्हणायच्या आणि मी त्यांना मारायला धावायचे. त्याचं शेवटचं कडवं असं:

सोनाजी म्हणे आता मागं फिरायचं नाय,
अंगठ्याच्या जागी माझ्या लेकीची सही हाय.

सोनाजी का म्हणे? शब्द सांडूचे, लेक सांडूची, मग म्हणणारा सोनाजी कसा? बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, आमच्याकडे कुणालाच वाटत नसे. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, त्याला छाप म्हणतात. पण शागीर्दानं रचलेलं गाणंही उस्तादाच्या छापेनंच गायचं, अशी या पार्टीची रीत. उस्ताद एक दिवस भर तालमीत शागीर्दाला सांगतात, "आता तुझं नाव घाल." तेव्हापासून तो मोकळा. तोवर त्याचं सगळं रचलेलं उस्तादाच्या नावावर जातं, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मामा त्या दिवसाची वाट पाहत होते. मामी सांगते, त्यांनी आपल्या नावाचं एक कडवंही मनात जुळवून ठेवलं होतं, पण सांडू हे नाव चालीत नीट बसत नाही म्हणून ते रोज त्याला ठाकठोक करत. आणि चितेगावच्या कार्यक्रमाहून परतताना पैठण रोडवर उस्तादांच्या जीपला ट्रकनं उडवलं. उस्ताद जागच्या जागी गेले. त्यांनी मामांना ते वाक्य म्हटलेलं नव्हतं... पार्टी पुढे मामांनीच चालवली, शेकडो कार्यक्रम केले, नवी गाणी रचली, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी सोनाजीच म्हणत राहिला. लोक सांगायचे, अहो आता कोण विचारतंय, घाला तुमचं नाव. मामा म्हणायचे, "ज्यानं द्यायची ती परवानगी तो घेऊन गेला. आता मी कुनाकडं मागू?"

मी वकील झाले, पुढे एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मालमत्तेचा कायदा शिकवू लागले, तेव्हा मामा माझे पहिले विद्यार्थी. दारापुढच्या ओट्यावर बसून मला ऐकवायला लावायचे आणि उलटतपासणी घ्यायचे. मी सांगायचे, मामा, तुमची सायकल, चष्मा, घड्याळ ही चल मालमत्ता. हात लावता येतो, उचलता येते, विकता येते. आणि तुम्ही रचलेलं गाणं ही बौद्धिक संपदा. तिला हात लावता येत नाही, तरी ती तुमचीच. ते डोळे मिटून विचार करायचे. मग एकदा म्हणाले, "सुजे, माझी सायकल कुनी नेली तर मी पायी. पन गानं कुनी नेलं तर ते माझ्याकडं राहतंच की. मग चोरी झाली कशी?" हा प्रश्न मी पुढे दर वर्षी पहिल्या तासाला वर्गात विचारते, आणि दर वर्षी हुशार मुलं त्यावर अडकतात. मीही तेव्हा काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं होतं. मामांना ते पटलं नव्हतं. "गानं हे विहिरीच्या पान्यासारखं, नेल्यानं वाढतं," म्हणाले, आणि उठून चहाला गेले.

मग गेल्या वर्षी ती नोटीस आली. हनीफभाईंनी पार्टीच्या एका कार्यक्रमाचं मोबाइलवर चित्रण करून इंटरनेटवर टाकलं होतं. त्यात मामा पाटीचं गाणं गात होते. नोटीस एका संगीत कंपनीच्या वकिलाची. प्रकरण कोर्टात असल्यानं कंपनीचं नाव लिहीत नाही. मजकूर असा की सदर गीत कै. सोनाजी यांचं असून त्यांच्या वारसानं त्याचे सर्व हक्क कंपनीला लेखी दिले आहेत, सबब सांडू हिवराळे यांनी ते कोणत्याही मंचावर विनापरवाना गाऊ नये, अन्यथा चौर्याबद्दल कारवाई. वारस म्हणजे उस्तादांचा नातू प्रदीप. तो लहान असल्यापासून मी त्याला ओळखते. तो लबाड मुलगा नाही, हे रागातसुद्धा लिहायला हवं. आजोबा गेले तेव्हा तो जन्मलाही नव्हता. ज्या गाण्यांत आजोबांचं नाव ती आजोबांची, एवढा सरळ हिशेब त्यानं केला. खरं तर कायदाही आधी तेच धरून चालतो. रचनेवर ज्याचं नाव, तो रचनाकार. खोडून काढायचं तर तुम्ही पुरावा आणा.

मी नोटीस वाचून दाखवली. हनीफभाई उसळले, "क्या बोलते मामू! अपनेच गाने पे अपन चोर?" मामांनी तो कागद उलटा करून पाहिला, जणू पाठीमागं आणखी काही असावं. मग म्हणाले, "सुजे, तू सांगत व्हतीस ती चोरी अशी असती व्हय? गानं माझ्यापाशीच हाय. फकस्त गाता येत नाय." ओट्यावर मी जे पुस्तकी उत्तर दिलं होतं त्यापेक्षा हे उत्तर चांगलं होतं, पण त्या दिवशी मला त्याचं कौतुक करावंसं वाटलं नाही. मला संताप आला होता. कंपनीवर, प्रदीपवर, आणि कुठेतरी मामांवरही. माणसानं एवढं भोळं का असावं, असं वाटून गेलं.

मी तयारीला लागले. ढोलकी हनीफभाईंची, त्यांची साक्ष होती. कौसामामी होती. मी होते, गाण्यातली लेक. पैसा नकोच होता, गाण्याखाली नाव तेवढं लागलं पाहिजे, इतकीच आमची मागणी. आणि कायद्यात सोय आहे. हक्क विकले गेले तरी रचनाकार म्हणवून घेण्याचा अधिकार रचणाऱ्याकडेच राहतो, तो कुणाला विकत घेता येत नाही. मी प्रतिज्ञापत्र लिहून नेलं. मामांनी ते सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावून पेन हातात घेतला आणि एका ओळीवर थांबले. "हे काय लिव्हलंस? 'गीतात सोनाजी असे नाव असले तरी ते गीत सोनाजी यांनी रचलेले नाही.'"

"खरं तेच लिहिलंय, मामा."

"मग बाकीच्या गान्यांचं? एक त्याचं न्हाय म्हनलं की लोक बाकीच्यांवर बी बोट ठेवतील. ह्ये तरी त्याचं का, त्ये तरी त्याचं का. मेल्या मानसाला उठून सांगता येत नाय, सुजे."

मी म्हटलं, रीत होती म्हणून नाव घातलं, तेही लिहिलंय. उस्तादांचा अपमान कुठेच नाही. चाल त्यांची आहे, तीही आपण नाकारत नाही. कायद्यात शब्द वेगळे आणि चाल वेगळी, दोन्ही वेगवेगळ्या मालमत्ता. चाल उस्तादांची, शब्द तुमचे. मामा माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, जणू मी काही वाईट बोलले होते. "गान्याची वाटनी करती व्हय? शेताची करत्यात तशी? बांध कुठं घालनार?" मी चिडले. म्हटलं, बांध घातला नाही तर अख्खं शेत जाईल. ते म्हणाले, "जाऊ दे की. दिलेलं नाव मी माघारी घेत नसतो." पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं आणि मामीला म्हणाले, पोरीला जेवायला वाढ. कौसामामीनं ताट माझ्यापुढे आदळलं, ते माझ्यावरच्या रागानं की त्यांच्यावरच्या, कळलं नाही.

त्यानंतर त्यांनी ते गाणं म्हटलं नाही. नोटिशीला भिऊन नव्हे. लोक मागणी करायचे, चिठ्ठ्या पाठवायचे, आणि मामा माइक बाजूला करून म्हणायचे, "ते आता दुसऱ्याचं हाय." लोकांना वाटायचं चेष्टा चालली आहे. मग ते दुसरी गाणीही टाळू लागले, कारण छाप सगळ्यांत तीच. शेवटी तालमीला जाणंच सुटलं. रिकाम्या संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसून राहायचे. मामी ओरडायची, "बसलं तर बसलं, सदरा कशाला मळवता?" पण सदरा रोज धुऊन तीच द्यायची. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं, गोळ्या दिल्या. मला कायद्याखेरीज कशातलं कळत नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही. पण गाणारा माणूस गायचा थांबला की आतून काहीतरी निकामी होत जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते पाहणं वाईट होतं.

मामा गेल्यानंतरच्या जलदानाच्या विधीला सगळ्या पार्ट्या आल्या होत्या. प्रदीपही आला. मामीच्या पाया पडला आणि रडला. त्याच दिवशी कुणाकडून तरी कळलं की कंपनी पाटीचं गाणं मोठ्या गायिकेच्या आवाजात, नव्या वाद्यमेळात, येत्या जयंतीला आणतेय. खाली नाव, गीतकार सोनाजी. लोक गेल्यावर मी मामीला समजावून सांगितलं. मामा गेले, आता त्यांचा तो अधिकार तुमच्याकडे आला. कपाट, सायकल येते तसाच. तुम्ही म्हणाल तर दावा होईल. मला वाटलं होतं, तीही मामांसारखंच काहीतरी बोलून मला गप्प करेल. पण ती मग म्हणाली, "त्यांनी दिलं ते त्यांचं. मी कुठं दिलंय? जल्मभर ह्या बाबाचा सदरा मी धुतला, ह्याची गानी आधी मी आयकली. आन कागद. कुठं करायची सही?" मामीला सही येते, मामांनीच शिकवली. एक-एक अक्षर दाबून, कागदाच्या पाठीवर उमटेल अशी ती सही करते.

मी साक्षीदार असणार, म्हणून वकीलपत्र माझ्या सहकारी मैत्रिणीनं घेतलं. जयंतीपूर्वी गाणं थांबवा, निदान नाव दुरुस्त होईपर्यंत, असा तातडीचा अर्ज आम्ही केला. सुनावणीला मी मामीशेजारी मागच्या बाकावर. मामी पांढरं लुगडं नेसून, पदर घट्ट ओढून बसलेली. आमची बाजू मैत्रिणीनं चांगली मांडली. मग कंपनीचे वकील उठले. शांत, सभ्य गृहस्थ. म्हणाले, साहेब, आम्हाला फार बोलायचं नाही. मयत इसमानं हयातीत एकदाही हक्क सांगितला नाही. उलट तो स्वतः काय म्हणत होता ते ऐकावं. आणि त्यांनी लॅपटॉपवर हनीफभाईंचंच ते चित्रण लावलं.

मामा गेल्यानंतर त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तो आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाजत होता. वरच्या पट्टीत तसाच फाटणारा. कोर्टातले शिपाईसुद्धा माना वळवून पाहायला लागले. गाणं शेवटच्या कडव्यावर आलं. उस्तादाचं नाव उच्चारताना गवई आदरानं कानाच्या पाळीला हात लावतो. मामांनी "सोनाजी म्हणे" म्हणत पेटीवरचा हात उचलून कानाला लावला... आणि माझ्या शेजारी काहीतरी हललं. पाहिलं तर मामीचा हात. पदराखालून वर गेला, कानाच्या पाळीला लागला, आणि खाली आला. मी तिचं मनगट धरायला गेले, पण उशीर झाला होता. कंपनीचे वकील नेमके आमच्याकडे वळलेले. ते जोरात बोललेसुद्धा नाहीत. "साहेब, खुद्द वादींनी आत्ता काय केलं, तेवढं बघावं."

अर्ज नामंजूर झाला. मामीच्या त्या हातामुळे नव्हे. आदेशात कारणं कायदेशीर आहेत आणि वकील म्हणून मला त्यांत बोट ठेवायला जागा दिसत नाही. गीतावर नाव सोनाजींचं, मयताचं मौन, प्रथमदर्शनी वादीच्या बाजूनं काही दिसत नाही. मूळ दावा चालू राहील, पुरावे होतील, वर्षं लागतील. बाहेर आल्यावर मात्र माझा ताबा सुटला. व्हरांड्यात, लोकांसमोर, मी मामीवर ओरडले, की एवढा एक हात खाली ठेवता आला नाही का? दावा तुमचा, नवरा तुमचा, आणि तुम्हीच...! मामीनं मला नेहमीसारखं फटकारलं नाही. पायऱ्या उतरताना माझा खांदा धरून एवढंच म्हणाली, "त्यो समोर बसून नाव घेत व्हता, माय. मी काय नुसतं बघत राहू?"

जयंतीला गाणं आलं. छान केलंय, खोटं कशाला बोलू. आमच्या गल्लीतून ते वाजवत ट्रक गेला तेव्हा पोरी त्या चालीवर नाचत होत्या, आणि मामीनं दार लावून घेतलं नाही.

आता पुढे माझी साक्ष आहे. पिंजऱ्यात उभं राहून मला शपथेवर सांगायचं आहे की हे शब्द सोनाजींचे नाहीत, सांडू हिवराळे यांचे आहेत, आणि ते माझ्यासाठी रचले होते. उलटतपासणीत ते चित्रण पुन्हा लावलं जाईल, यात शंका नाही. मैत्रिणीनं बजावून ठेवलंय, गाणं संपेपर्यंत दोन्ही हात कठड्यावर घट्ट ठेव. म्हणून मी घरी सराव करते. फोनवर मामांचं ते चित्रण लावते, जेवणाच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरते आणि शेवटच्या कडव्याची वाट पाहते. अजून जमलेलं नाही.